ओरडणाऱ्याला लागलेलं नसतं

मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरावरून जाणाऱ्याला वाटत असेल की या घरात भांडण जुंपलं आहे. भांडण वगैरे काही नसतं. मी टीव्हीशी बोलत असते. अमेरिकेतली ती रेसलिंग आपल्याकडे पहाटे लाइव्ह येते, पण तेव्हा मी नळावर असते, म्हणून संध्याकाळी साडेसहाला तोच कार्यक्रम कापून-छाटून हिंदी कॉमेंट्रीत दाखवतात तो बघते. "रेफरी आंधरा हाय का बे?" "आता उठ ना, किती वेर लोरतस?" असलं काहीबाही मोठ्यानं. शेजारच्या काकूंनी एकदा आईला कुंपणावरून विचारलं, "पोरगी एकलीच कोनासंग बोलते वं?" आई म्हणाली, "बोलू दे." तेवढ्यावर तो विषय संपला.

मी पस्तिशीची बाई आहे, ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देते, आणि माझं लग्न झालेलं नाही. अशा बाईनं संध्याकाळी काय बघावं याबद्दल गावाची काही मतं आहेत. माझीही काही मतं आहेत, पण ती रेसलिंगबद्दल आहेत.

स्पष्टच सांगते, कार्यक्रम घसरला आहे. निम्मा वेळ ती धिप्पाड माणसं माईक हातात घेऊन भाषणं ठोकतात. इतकं तर ग्रामसभेतही कोणी बोलत नाही, आणि ग्रामसभेत काय काय बोलतात ते मीच टाइप करते. मग कुस्ती लागते. चांगला माणूस जिंकायला आला रे आला की वाईट माणसाचे दोन दोस्त पळत येतात, आणि रेफरी नेमका तेव्हाच पाठ करून उभा. रिंगखाली लोखंडी खुर्च्या कोण ठेवतं, कशाला ठेवतं, हे इतक्या वर्षांत एकाही माणसानं विचारलेलं नाही. टेबल बरोब्बर मधोमध मोडतं, आधीच करवत फिरवून ठेवल्यासारखं. बायकांची कुस्ती असली की जाहिरातीच्या दोन तुकड्यांमध्ये कशीबशी उरकतात. त्या पोरी जीव तोडून लढतात आणि हिंदी कॉमेंट्रीवाले त्यांच्या कपड्यांवर बोलत बसतात. मला त्या दोघांना एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायचे आहेत.

हे सगळं खोटं असतं हे मला कोणी सांगायला नको. आमच्या भागातल्या माणसाला ते सांगावंच लागत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आमच्या झाडीपट्टीची नाटकं लागतात, आणि स्टेजवर मार खाऊन मेलेला खलनायक मागच्या कनातीआड चहा पिताना आम्ही लहानपणीच बघितलेला असतो. आईनं पहिल्यांदा रेसलिंग बघितली तेव्हा पाचच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "हे तं नाटकच होय. कपडे तेवढे कमी हायेत." त्यानंतर तिनं ती कधी बघितली नाही. पण माझं म्हणणं असं की नाटक आहे ना, मग नीट करा. मार खाल्ल्याचं नाटक करता, तर ते बघणाऱ्याला पटलं पाहिजे.

हे म्हणणं ऐकून घ्यायला आणि खोडून काढायला घरात एक माणूस होता. माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता दुसरा हिवाळा आहे.

त्याला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांमध्ये अडकतात. जिथं अडकतात तिथं दुखतं. हाडात, पाठीत, पोटात, छातीत, कुठंही. आई आणि वडील दोघांमध्ये तो अर्धा अर्धा होता आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं. भावाला दोन्हीकडचे अर्धे मिळाले. मला एकच अर्धा मिळाला, म्हणून मी धडधाकट आहे. कोणाला काय मिळावं हे कोणी ठरवलेलं नसतं असं डॉक्टर म्हणतात. मला त्याचा फार राग येतो. कोणी ठरवलेलं असतं तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

भाऊ शाळेत असतानाच वडील ट्रॅक्टर उलटून गेले. घरात आम्ही तिघं उरलो. भावाला थंडी चालत नव्हती, ऊन चालत नव्हतं, पळणं चालत नव्हतं, पाणी कमी प्यायलेलं चालत नव्हतं. बांधीत धानाचा रोवणा चाललेला असायचा आणि हा घरात पायांवर गोधडी घेऊन खाटेवर, समोर टीव्ही. तिथंच त्याला रेसलिंग लागली. मला त्याच्यामुळे लागली.

आमच्यात फरक हा होता की तो मजा घ्यायचा आणि मी चुका काढायची. त्याचा एक लाडका होता. डोक्यावर केस नसलेला, बैलासारख्या मानेचा, थोराड झालेला गडी. विजेतेपदाचा बेल्ट गमवायचा, काही महिने गायब व्हायचा आणि मग एका मंगळवारी त्याचं संगीत वाजायचं आणि तो परत यायचा. मी त्याला 'टकला' म्हणायची. भावाला ते आवडायचं नाही.

"तुया टकल्याले गुडघेच नाई उरले आता," मी म्हणायची.

"गुडघ्याच्या भरवशावर नाई लडत तो."

"मंग कायच्या भरवशावर लडते? खोटं तं हाय सारं."

"खोटं हाय तं हाय. तुले मजा काऊन नाई येत ताई?"

असं दर आठवड्याला. आई चुलीपुढून ओरडायची, "दोघंही चूप बसा!" आम्ही चूप बसायचो नाही. त्याच्याइतकं चांगलं भांडण माझ्याशी पुन्हा कोणी केलेलं नाही.

मार न लागता लागल्यासारखं दाखवणं, याला त्या धंद्यातले लोक 'सेल करणं' म्हणतात. मोबाइलवर वाचून हा शब्द मीच घरात आणला. आणि त्यावर माझा एक सिद्धांत होता, ज्याचा मला भारी अभिमान होता. जो ओरडतो, कंबर धरून लोळतो, तोंड वेडंवाकडं करतो, त्याला काही झालेलं नसतं. ज्याला खरंच लागतं तो गप्प होतो. एकदा आमच्या डोळ्यांदेखत तसं झालं होतं. एक बारीक पोरगा वरच्या दोरीवरून उडी मारून खाली आला, तो भलताच आला. ओरडला नाही. नुसता पडून राहिला. समोरचा पैलवान घाबरून थबकला, रेफरीनं वाकून त्याच्या कानाशी काही विचारलं आणि मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. आता हे खरं आहे, खेळ थांबवा, असा त्याचा अर्थ. कॉमेंट्रीवाल्यांची वटवट बंद झाली. सगळं मैदान गप्प. मी भावाला म्हणाले, "पाय, मी सांगत होती ना?"

मग खाटेवर पडल्या पडल्या त्यानं आपले दोन्ही हात वर केले आणि फुली केली. "ताई, मी असं केलं तं समजजो. खरं हाय म्हनून."

त्याची ही गोष्ट घरात सगळ्यांनी मानली, आईनंसुद्धा, कारण आमची अडचणच ती होती. दुखणं रोजचं होतं. आज गुडघा, उद्या पाठ. रोज तर दवाखान्यात जाता येत नाही. कोणतं दुखणं गोळी खाऊन, गरम पाण्याची पिशवी लावून आणि दोन तांबे पाणी पिऊन जाईल आणि कोणतं जाणार नाही, हे बाहेरून कळत नाही. त्यालाही सांगताना लाज वाटायची. सारखं "दुखते, दुखते" कोण म्हणेल? फुली केली की प्रश्न विचारायचे नाहीत. समोरच्या घरच्या ऑटोवाल्या काकांना हाक मारायची आणि तालुक्याचा दवाखाना गाठायचा. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यानं ती चार-पाच वेळाच केली असेल. दर वेळी डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलंत. त्यानं ती कधी फुकट वापरली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं मी काय केलं ते सांगायचं आहे.

केशोरीकडचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलगा शिक्षक. मला तो फोटोत आवडला होता, हे आता लपवून काय करायचं? आमच्याकडे आजकाल मुलगी बघायला आले की शिक्षणासोबत सिकलचंही विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. पण आई म्हणाली की आधी पसंत पडू दे, मग सांगू. मीही हो म्हणाले. दोन्ही घरांचं पटेपर्यंत भाऊ मागच्या खोलीतच राहील असं ठरलं. ठरवताना तो तिथंच होता. "राहीन ना," म्हणाला.

पोहे देऊन झाले होते. मुलाची आई मला काहीतरी विचारत होती. मधल्या दाराचा पडदा हलला आणि भाऊ चौकटीला टेकून उभा दिसला. घामानं निथळत होता. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. ऑटो आली, त्याला उचलून नेलं, पाहुण्यांनी सगळं बघितलं, आणि मुलाच्या वडिलांनी चपला घालता घालता विचारायचं ते विचारलं. दवाखान्यात त्याला सलाईन लावली, इंजेक्शन दिलं, आणि दिवेलागणीपर्यंत तो उठून बसला. चहा मागितला. पाहुण्यांचा नकार तोपर्यंत फोनवर येऊन गेला होता.

मी त्याच्या खाटेजवळ गेले. आई औषध आणायला खाली गेली होती. मी त्याला म्हणाले, "मस्त सेल करतस बे तू. बेल्टच द्यायले पायजे तुले."

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. मी हे वाक्य परत घेतलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लग्न मोडलं ते आमच्या लपवालपवीमुळे मोडलं, फुलीमुळे नाही, हे मला आठच दिवसांत कळलं होतं. कळलं तरी मी बोलले नाही, कारण आम्ही पुन्हा नेहमीसारखं भांडायला लागलो होतो आणि मला वाटलं की तो विसरला. पण त्यानंतर त्यानं माझ्यासमोर एकदाही ती खूण केली नाही. दुखलं तर आईला हळूच तोंडानं सांगायचा. "थोडसंक दुखते," म्हणायचा.

आता तो मंगळवार.

जानेवारी होता, थंडी कडाक्याची. मी साडेसहाच्या आत ग्रामपंचायतीतून घरी आले कारण टकला परत येणार अशी हवा आठवडाभर होती. भाऊ खाटेवर गळ्यापर्यंत रग ओढून पडला होता. दुपारपासून थोडं दुखतं आहे आणि गोळी दिली आहे, असं आईनं सांगितलं. मी "बरं" म्हणाले. आई भिंतीपलीकडे स्वयंपाकाला लागली आणि मी खाटेच्या पुढं, टीव्हीकडे तोंड करून जमिनीवर बसले. म्हणजे त्याच्याकडे माझी पाठ.

सुरुवातीला बेल्टवाल्याचं भाषण. लांबलचक, रटाळ, आणि त्यात तो तीच तीन वाक्यं फिरवून फिरवून म्हणत होता. "याले आमच्या ग्रामसभेत पाठवा," मी म्हणाले. मागून भाऊ बारीक हसला. "आज येते पाय तो," म्हणाला. तो हसला तेव्हा खोकला. मी पाणी दिलं, तो दोन घोट प्यायला.

पहिली कुस्ती बायकांची होती. दोघी चांगल्या होत्या, त्यातली उंच पोरगी तर फारच. रंगात आली आणि जाहिरात लागली. जाहिरातीनंतर बघते तर कुस्ती आटोपली. मी भडकले. नेहमीचं माझं सगळं म्हणून झालं. तो म्हणाला, "वेरच नाई देत... तं त्या का करतीन?" मधे थांबून म्हणाला. त्याचं हे मला वाक्य म्हणून आठवतं आणि ते थांबणंही आठवतं. तेव्हा मला ते ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

दुसरी कुस्ती जोडीजोडीची. त्यात काही दम नव्हता. सगळे आपापल्या वेळी पडत होते, जणू रांगेत नंबर लागला आहे. त्याला डिवचावं म्हणून मी म्हणाले, "तुया टकला आला तरी का करनार हाय? गुडघे तं गेले." उत्तर आलं नाही. मी आणखी डिवचलं. "म्हातारा झाला तो. घरी बसाले पायजे त्यानं." उत्तर नाही. मला वाटलं, आज त्याला पटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वादात जिंकले असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग मी बोलतच राहिले. तिसरी कुस्ती, चौथी कुस्ती. रेफरीला बोलले, कॉमेंट्रीवाल्यांना बोलले, एकाच्या नव्या चड्डीच्या रंगावरसुद्धा बोलले. मध्ये एकदा मान वळवून बघितलं. त्याचे डोळे उघडे होते आणि टीव्हीवर होते. रग हनुवटीपर्यंत होता. मी पुन्हा समोर वळले.

आठ वाजून गेल्यावर बेल्टवाल्याची कुस्ती लागली आणि मधेच ते संगीत वाजलं. मैदान उठून उभं राहिलं. "आला रे तुया!" मी ओरडले. मी स्वतः त्या टकल्यासाठी ओरडले, जे मी आयुष्यात केलं नव्हतं. तो धावत आला, दोघांना आपटलं, आणि मग ठरल्याप्रमाणे मागून खुर्ची बसली. खाली पडला आणि पाठ धरून गुरासारखा ओरडायला लागला. कॅमेरा त्याच्या तोंडावर. रेफरी, डॉक्टर, सगळे धावले. हिंदीवाले रडायच्या बेताला आले.

मी म्हणाले, "काई नाई झालं त्याले. ओरडून राहिला ना? मंग काई नाई झालं. ज्याले लागते तो चूप होते."

हे मी म्हणाले. त्याच्याकडे पाठ करून.

जाहिरात लागली आणि आई ताट घेऊन आली. खाटेजवळ वाकली. "चाल, दोन घास खाऊन घे," म्हणत तिनं रग ओढला आणि ताट तिच्या हातून खाली गेलं. भावाचे ओठ राखेसारखे झाले होते. श्वास तोकडा, वरच्या वर. आणि रगाखाली त्याचे दोन्ही हात छातीवर होते, एकावर एक, फुली घातलेले, इतके घट्ट की आईला ते सोडवता येईनात.

छातीत कळ आली की माणूस छाती आवळतोच. दोन्ही हातांनी आवळली की ते एकावर एक येतात. असंच असेल. मी स्वतःला हे किती वेळा सांगितलं आहे. किंवा त्यानं खूण केली होती, मला दिसणार नाही अशी, रगाखाली. मला माहीत नाही. आजही माहीत नाही.

समोरच्या काकांनी ऑटो काढली. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि तिथूनच अँब्युलन्सनं गोंदियाला पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "धाप कधीपासून लागली? बोलणं कधीपासून कमी झालं?"

आई माझ्याकडे बघायला लागली. "मी सयपाकात होती," म्हणाली. "मले हिचा आवाज येत होता. एकलीचाच येत होता." आणि तिला तेव्हाच ते कळलं असावं, कारण तिनं तोंडावर पदर घेतला.

"दुसऱ्या कुस्तीपासून," मी म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे किती वाजता?"

"सात वाजून दहा मिनिटांनी."

मला मिनिटापर्यंत माहीत होतं. कोणती कुस्ती कधी लागली, जाहिरात कधी आली, तो शेवटचं काय बोलला आणि कोणत्या वाक्याला बोलला नाही, सगळं माहीत होतं. दुसरं कोणी असतं तर "लक्षात नाही" म्हणालं असतं. डॉक्टरांनी सात-दहा असं लिहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो थोडा शुद्धीत होता. तोंडावर मास्क. मला जवळ बोलावलं आणि मास्क बोटानं जरासा उचलून म्हणाला, "जितला का तो?"

शेवट मी बघितला नव्हता. "जितला," मी म्हणाले. "एकच आपटी देल्ली आन जितला."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुले सेल करता नाई येत ताई."

मला तेव्हा विचारता आलं असतं. हात तसे का होते, मला दाखवत होतास का, दाखवायचं नव्हतं तर का नाही? आणि त्या दिवशी मी बोलले त्याची माफीही मागता आली असती. मी त्याचा मास्क सरळ केला आणि म्हणाले, "बोलू नको, दम लागते." विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

टकला जिंकला नव्हता, हे मी नंतर शोधून काढलं. त्याला तसंच उचलून नेलं आणि बेल्ट होता तिथंच राहिला. आता तो पुन्हा परत आला आहे, गुडघे तसेच, आणि लोक तसेच उठून उभे राहतात.

पहिले चार महिने मी टीव्ही लावला नाही. मंगळवारी आई चुलीपुढं बसायची आणि मी बाहेरच्या खोलीत खाटेसमोर बसायची, नुसती. आई दर पाच मिनिटांनी दारात येऊन उभी राहायची. काही विचारायची नाही. मला बघायची, माझे हात बघायची आणि परत जायची. पोळ्या करपायच्या. मग एका मंगळवारी तिनंच आत येऊन टीव्ही लावला. जिला ते नाटक पाच मिनिटांपलीकडे बघवलं नव्हतं तिनं शोधून ते चॅनल लावलं, रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बोलत राय."

तेव्हापासून मी बोलते. मनात नसलं तरी बोलते. भिंतीपलीकडे माझा आवाज पोचला पाहिजे इतक्या मोठ्यानं.

मागच्या आठवड्यात एक नवा पोरगा दोरीवरून पडला. नाटक नव्हतं. ओरडला नाही, मान एका बाजूला टाकून पडून राहिला. रेफरी वाकला, काहीतरी विचारलं आणि हात डोक्यावर नेऊन फुली केली. हिंदीवाले गप्प झाले. मीही गप्प झाले. खाट माझ्या पाठीमागं होती. मागं वळून बघायची मला हिंमत होईना.

पलीकडे तव्यावरचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातानं दारात आली.

"काऊन वं चूप झाली?"

"काई नाई माय."

ती गेली नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी टीव्हीकडे वळले.

"पाय ना," मी मोठ्यानं म्हणाले, "कसा आंधरा रेफरी हाय! इतका वेर का करत होता हा?"

मग आई आत गेली.